आक्काचे दोन शब्द

आक्का,

उद्या सकाळी विहारात तुझं पुण्यानुमोदन आहे. काल वैशालीचा फोन आला. "मामा, घरच्यांच्या वतीनं तुम्हीच दोन शब्द बोला," एवढं म्हणाली आणि ठेवून दिला. तू गेल्यापासून तुझी लेक माझ्याशी असंच बोलते, कामापुरतं. दोन शब्द बोला म्हणायची आपल्याकडं रीतच आहे. तिच्या मनात दुसरं काही नसेल. पण मी फोन हातात धरून तसाच बसलो. शेवटच्या काळात तुझ्याजवळ दोनच शब्द होते, आणि त्यातल्या एकाचा अर्थ काय, यावरून आमचं मामा-भाचीचं बिनसलंय. उद्या चार लोकांत मी काय बोलतो त्यावर ते मिटेल, नाहीतर तसंच राहील. म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेतो.

तू पडलीस ती काम करता करता. धम्मचक्र दिन जवळ आलेला, अंबडच्या दुकानात पांढऱ्या ब्लाऊजच्या कापडांची चळत लागलेली, आणि तू एका बाईच्या दंडाला टेप लावून उभी. ती बाई दवाखान्यात भेटायला आली तेव्हा म्हणाली, "मी म्हणलं, आक्का, जास्ती घट्ट नका करू. तर आक्का म्हणल्या, बराबर. आन् टेप हातात तसाच ठेवून खाली बसल्या." तिथून पुढं कितीतरी महिने तुझ्या तोंडून तोच एक शब्द निघत राहिला.

गावाकडं सगळ्यालाच लकवा म्हणतात. त्यात दोन प्रकार असतात हे मला तुझ्यामुळं कळलं. एकात मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकते, दुसऱ्यात नस फुटून रक्त आत सांडतं. तुझी नस फुटली होती, डाव्या बाजूला. बीपीचा वरचा आकडा दोनशेच्या पुढं गेला होता. तुला घरी आणल्यावर गल्लीतले एक मास्तर स्वतःच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन आले. त्यांना मागं गुठळीचा लकवा झाला होता आणि रक्त पातळ करायच्या गोळीवर ते हिंडूफिरू लागले होते. "आक्काला बी चालू करा. बिलकुल फरक पडतो." मी पाकीट त्यांच्या खिशात परत ठेवलं. मास्तरांचं मन चांगलंच होतं, आणि तीच गोळी तुझ्या जीवावर बेतली असती. तेव्हापासून मला एक भीती बसली की कोणीतरी चांगल्या मनानं तुझ्यासाठी काहीतरी घेऊन येईल आणि आपण नीट विचारायचं विसरू. पुढं मी जो दर गोष्टीत अडून बसायला लागलो तो त्यामुळं. वैशालीला मी हे कधी सांगितलं नाही.

उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, एवढं तुझं गेलं. डॉक्टर म्हणाले, ऐकलेलं त्यांना बरंचसं कळतं, शब्द काढायची जागा जखमी आहे. नाव विचारलं की बराबर. तहान लागली की बराबर. पंखा बंद करा, बराबर. नर्सनं सलाईनची सुई चुकीच्या जागी टोचली तेव्हा तू जो बराबर ओरडलीस, तो शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलासुद्धा शिवीसारखा ऐकू आला. ती म्हणाली, "बाई लई कडक हाय."

तसा तो शब्द आधीपासून तुझाच. दुकानात दिवसभर तेच चालायचं, बराबर बसतंय का बघ, हात वर कर, बराबर हाय का. आणि माझ्याशी वाद घालताना शेवटी म्हणायचीस, "बराबर हाय तुझं, काटेवाले." मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, उसाच्या गाड्या मोजायला, म्हणून काटेवाले. त्याचा अर्थ मी जिंकलो असा कधीच नव्हता. ऐकून कंटाळा आला, आता ऊठ आणि चहा टाक, असा होता.

आपला मुख्य वाद या शब्दावरच होता की. मी म्हणायचो, माप म्हणजे माप. तू टेप लावायचीस आणि टेपखाली दोन बोटं सरकवून मगच आकडा घ्यायचीस. "ही दोन बोटं कशाची?" मी विचारायचो. "काट्यावर मी अशी दोन बोटं धरली तर मला घरी बसवतील."

"तुझी गाडी श्वास घेत न्हाई," तू म्हणायचीस. "बाई घेती."

समोरची बाई हसायची आणि तू टेपनं माझ्या डोक्यात मारायचीस. मी त्यावर काहीतरी उत्तर शोधून ठेवायचो आणि पुढच्या सुट्टीला येऊन द्यायचो. मग पुन्हा सुरू. हा वाद आपल्याला संपवायचाच नव्हता, असं आता वाटतं.

वैशालीनं तुला बदनापूरला आपल्या घरी नेलं. जावई नोकरीला पुण्याकडं, तिची शाळा, घरकाम, आणि त्यात तू. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. व्यायाम करून घेणारा फिजिओवाला रोज यायचा. पायानं ऐकलं. आधी भिंत धरून, मग काठी धरून तू न्हाणीपर्यंत जायला लागलीस. हात मात्र मूठ वळून छातीशी बसला. बोटं सोडवायला गेलं की तू दात खायचीस. मी सुट्टी मिळेल तसा अंकुशनगरच्या कारखान्यावरून येत होतो. एकदा आलो तर वैशाली दारातच म्हणाली, "मामा, एक बोलायचंय. चिडू नका."

"बोल."

"आमच्या शाळेतल्या एका मॅडमच्या सासऱ्याला फरक पडला. जालन्यात डॉक्टर हायत, ॲक्युपंक्चर करतात. सुया लावतात."

"फरक कशानं पडला? सुयांनी का दिवसांनी?"

"म्हंजे?"

मी तिला सांगितलं, काट्यावर उसाची गाडी येते. भरलेल्या गाडीचं वजन सगळ्यांना दिसतं. पण ऊस किती, ते रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्याशिवाय कळत नाही. लकव्याचा माणूस पहिल्या काही महिन्यांत आपोआपही थोडा सुधारतो, व्यायामानंही सुधारतो. ते झालं रिकाम्या गाडीचं वजन. ते माहीत नसताना सगळी सुधारणा सुयांच्या नावावर कशी मांडायची?

ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "मामा, आई म्हंजे उसाची गाडी न्हाई."

"मी कुठं म्हणलो?"

"कवाचं म्हणून राह्यले. भरलेली, रिकामी, वजा. तिचा हात बघा एकदा."

तू आतून ओरडलीस, "बराबर!" कोणाच्या बाजूनं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. दोघांनीही ते आपल्याच बाजूनं धरलं.

संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी हलणार नव्हतो. ते म्हणाले, यानं फायदा होतोच असा पक्का पुरावा नाही. काही ठिकाणी झालेला दिसतो, काही ठिकाणी नाही. करायचं तर करा. रक्तस्राव आता थांबलेला आहे. पण बीपीची गोळी एक दिवस चुकवायची नाही, व्यायाम सोडायचा नाही, आणि बीपी वाढलेलं असेल त्या दिवशी सुया लावायच्या नाहीत. एवढं ऐकून वैशालीचा चेहरा उजळला. मला मात्र आणखी एक गोष्ट विचारायची होती, ती त्यांना विचारून उपयोग नव्हता. तुला हे पाहिजे का?

"आई, सुया लावून बघायच्या का?" वैशालीनं विचारलं.

"बराबर."

"झालं. हो म्हणली."

"सकाळी चहात साखर पडली नव्हती तवा बी ती बराबरच म्हणली."

मग मी तुझी परीक्षा घ्यायला बसलो. तुझ्यासमोर खुर्ची ओढली आणि सांगितलं, हो असेल तर बराबर म्हण, नसेल तर गप्प राहा. आधी ज्यांची उत्तरं मला माहीत आहेत ते प्रश्न विचारायचे, ती जमली की मग खरा प्रश्न, असा माझा बेत होता.

"हे बदनापूर हाय का?"

"बराबर."

"वैशाली तुझी लेक हाय का?"

"बराबर."

"मी तुझ्यापेक्षा मोठा हाय का?"

तू माझ्याकडं नीट बघितलंस. "बराबर."

"आक्का, ध्यान देऊन सांग. आपला बाप जालन्याचा कलेक्टर होता का?"

"बराबर!" आणि तू हसायला लागलीस. एका बाजूनं तोंड ओढलेलं, दुसऱ्या बाजूनं हसू, डोळ्यांतून पाणी. डाव्या हातानं माझा कान धरून पिळलास, लहानपणी पिळायचीस तसा.

वैशाली कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. "झाली का परीक्षा? नापास कोण झालं?"

मी आजवर ठरवू शकलो नाही की तुला प्रश्न कळला नव्हता, की तू माझी चेष्टा करत होतीस. चेष्टा असेल तर तुला सगळं कळत होतं आणि सुयांना तू हो म्हणालीस तेही खरं. कळलं नसेल तर आम्ही तुला विचारलंच नाही असं झालं. दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात आली तेव्हा तू उजवा पाय चपलेत सरकवायला धडपडत होतीस. वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, घरात कोंडून घातलेला माणूस कुठंही जायला तयार होतो. "मंग झालं तर, चला जल्दी," ती म्हणाली, आणि आपण निघालो.

सुयांचे डॉक्टर वयस्कर होते, बोलणं बेताचं. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "लकवा बरा करतो असं लिहिलेली पाटी इथं कुठं दिसती का? न्हाई ना? मदत होती, एवढंच माझं म्हणणं. काहींना होती, काहींना न्हाई." दर वेळी आधी ते तुझं बीपी बघायचे. एकदा आकडा चढलेला दिसला तर सुईचं पाकीट न फोडता त्यांनी आपल्याला परत पाठवलं. मला तो माणूस आवडायला लागला, आणि ते मला गैरसोयीचं झालं. सुया केसासारख्या बारीक. डोक्यावर डाव्या बाजूला, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात, कोपराजवळ, गुडघ्याखाली. हातापायाला लावताना तू नुसती बघत राहायचीस. डोक्याला लावताना डोळे मिटायचीस आणि ओठ आत ओढून घ्यायचीस. डॉक्टर म्हणायचे, दुखत नाही जास्त, मुंगी चावल्यासारखं. पण मुंगी कोणाला किती चावली, हे तिसऱ्या माणसानं कसं सांगायचं?

मूठ सैल होत गेली. ते खरं आहे. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात किती अंतर पडतं, ते मी तुझाच टेप लावून बघायचो. अंतर वाढत होतं. मी वैशालीला तसं सांगितलं.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय. वाढलंय. व्यायामवाला बी येऊन राह्यला, दिवस बी गेलेत. कशाचं किती, ते मला म्हाईत न्हाई."

"मामा, तुम्हाला नुसता आनंद करता येत न्हाई का?"

येत होता, आक्का. त्याच दिवशी तू कापडाचा तुकडा टेबलावर ठेवलास, उजवा तळवा त्यावर वजनासारखा टाकून दाबून धरलास आणि डाव्या हातानं खडूची रेघ ओढलीस. वाकडीच आली. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. वैशालीला वाटलं मला राग आला.

आणि मग तो दिवस. हाताच्या सुया लावून झाल्या होत्या. डॉक्टर तुझ्या उशाशी आले, केस बाजूला केले, सुई जवळ नेली, आणि तू म्हणालीस, "न्हाई."

अगदी स्वच्छ. कुठं अडखळणं नाही. डॉक्टरांचा हात तिथल्या तिथं थांबला. वैशालीनं तोंडावर हात घेतला. "आई! आई, काय म्हणलीस? परत म्हण."

"न्हाई," तू म्हणालीस आणि डाव्या हातानं डॉक्टरांचं मनगट बाजूला सारलंस.

वैशाली रडायला लागली, हसायला लागली, तुझ्या गालाला गाल लावला. डॉक्टर हसले, "ताई, हे मोठं काम झालं." मग सुई खाली ठेवून त्यांनी विचारलं, "थांबू का?"

"बराबर," तू म्हणालीस.

त्यांनी हातातल्या सुयाही काढून घेतल्या. म्हणाले, "घरी जाऊन ठरवा. मी ओढून लावणार न्हाई."

परतीच्या रिक्षात तू आमच्या दोघांच्या मध्ये बसली होतीस. जालना मागं पडलं. मग मी म्हणालो, "आता बंद करू. ती न्हाई म्हणली."

"ती बोलली, मामा! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दुसरा शब्द आला. आन् आता बंद करा म्हणता?"

"कशाला न्हाई म्हणली ते बघ ना."

"बराबर म्हणायची तवा तुम्हीच सांगायचे, तिच्या शब्दाला अर्थ न्हाई. आता न्हाईला एकदम अर्थ आला? तुम्हाला पाहिजे तो निघाला म्हणून?"

रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. मी म्हणालो, शब्दाचं सोड, तिनं हात बाजूला सारला ते मी पाहिलं.

"लहान लेकरू बी डॉक्टरचा हात ढकलतं," वैशाली म्हणाली. "तवा आपण सोडतो का?"

"ती लहान लेकरू न्हाई. ती तुझी आई हाय."

"म्हंजे मला म्हाईत न्हाई का ते!" तिचा आवाज फाटला. तू समोर रस्त्याकडं बघत होतीस. तुझा डावा हात तिच्या गुडघ्यावर होता. तो तू तिला समजवायला ठेवला होतास की तोल जाऊ नये म्हणून, ते मला कळलं नाही.

खरी गाठ संध्याकाळी पडली. जेवणानंतर वैशालीनं बीपीची गोळी पुढं केली. तू म्हणालीस, "न्हाई."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. "घ्या. करा ही बी बंद."

"गोळीचं वेगळं हाय."

"काहून वेगळं?"

"गोळीला पुरावा हाय. गोळी सोडली तर नस परत फुटू शकती."

"म्हंजे आईचा न्हाई कवा मोजायचा आन् कवा सोडून द्यायचा, ते तुमच्या पुराव्यावर? मंग तिला विचारायचंच काहून?"

आयुष्यभर लोकांनी माझ्याशी वजनावरून वाद घातले, आक्का, पण इतकं अचूक कोणी पकडलं नाही. तिनं केळं सोललं आणि गोळी चमच्यानं चुरायला घेतली. मी तिचा हात धरला. "चोरून न्हाई."

"मंग कसं?"

मी तुझ्यासमोर बसलो. तुला जसं सांगायला पाहिजे होतं तसं सगळं सांगितलं. ही गोळी कशाची, न घेतली तर काय होऊ शकतं, घेतली तरी काय होणारच नाही असं नाही. "सुयाला न्हाई म्हणलीस, सुया थांबवल्या. ही गोळी मी तुझ्या तोंडात कोंबणार न्हाई. केळ्यात घालून फसवणार बी न्हाई. पण तू घेईपर्यंत मी इथून उठणार न्हाई. मला ही भीती घेऊन घरी जाता येणार न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. मग वैशालीकडं बघितलंस. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती. मग तू तोंड उघडलंस.

सुयांचं मात्र तिथंच सोडलं नाही. आठवड्यानं पुन्हा विचारायचं ठरलं, आणि विचारायचं वैशालीनं, मी खोलीत नसताना. माझ्या तोंडाकडं बघून तू उत्तर देतेस असं व्हायला नको. मी ओट्यावर बसलो. आतून आवाज आला, "आई, सुयाला जायचं का? तुझ्या हातासाठी?" मग तू म्हणालीस, "न्हाई." वैशालीनं पुन्हा विचारलं नाही. बाहेर येऊन म्हणाली, "बंद." व्यायाम आणि गोळी चालू राहिली.

त्यानंतरचे दिवस तुझे होते. एकदा न्हाई हाताला लागल्यावर तू तो अंगणभर वापरलास. शेजारणीनं कुठल्यातरी तेलाचं सांगितलं, न्हाई. टीव्हीवर रडकी मालिका लागली, न्हाई. अंबडच्या दुकानाचं शिलाई मशीन विकायचं का, असं एक नातेवाईक सहज विचारून बसला, तर त्याला तू असा न्हाई ऐकवलास की तो चहा न घेताच गेला. वैशाली हसून हसून बेजार. मी आलो की मला बघूनच म्हणायचीस, न्हाई, आणि डोळे मिचकवायचीस. धड बोलत होतीस त्या काळात तुझ्या तोंडून इतके नकार मी ऐकले नव्हते. त्यातले किती खरे आणि किती खेळातले, हे मी मोजायचं सोडून दिलं होतं.

मग नस पुन्हा फुटली. गोळी चुकली नव्हती, बीपी आटोक्यात होतं. या वेळी तू दवाखान्यातून परत आलीच नाहीस. मी तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारलं, सुयांचा काही संबंध? ते म्हणाले, लावल्या म्हणून झालं असं म्हणता येत नाही, थांबवल्या म्हणून झालं असंही नाही. ज्याची नस एकदा फुटली त्याची पुन्हा फुटायचा धोका राहतोच, औषधानं तो कमी होतो, संपत नाही. वैशाली माझ्या शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून हळूच म्हणाली, "चालू असत्या तर काय म्हाईत." हे ती माझ्याकडं न बघता म्हणाली. पण ऐकायला मी एकटाच होतो.

मी तिला डॉक्टरांचं बोलणं परत सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. तिला पुरावा नको होता, आई पाहिजे होती. आणि त्यातलं मला काहीच देता येण्यासारखं नव्हतं.

तुला शेवटचं नेलं त्या दिवशी गल्लीतली एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, आक्काला सुयांनी फरक पडला का? आमच्या माणसाला नेऊ का?" मी म्हणालो, मागून सांगतो. उद्या ती येईल. तिला मी हे सांगणार आहे: आक्काला फरक पडला. सुयांनी पडला, व्यायामानं पडला का दिवसांनी, मला माहीत नाही आणि मला माहीत आहे म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नेण्याआधी मेंदूच्या डॉक्टरला विचारा, गुठळी का रक्तस्राव ते नीट समजून घ्या, गोळी सोडू नका. आणि ज्याच्या डोक्याला टोचायची त्याला विचारा. तो बोलत नसला तरी विचारा.

आणि चार लोकांसमोर वैशालीसाठी एवढं बोलणार आहे, की तिनं हट्ट केला नसता तर तू त्या सुयांच्या टेबलावर झोपली नसतीस, आणि तिथं झोपली नसतीस तर तुला इतक्या जोरानं न्हाई म्हणावंसं वाटलं असतं का, कोण जाणे. तो शब्द कशामुळं आला याचा हिशोब माझ्याकडून लागला नाही. तो आला तेव्हा तुझी लेक तुझ्याजवळ उभी होती, एवढं मी पाहिलंय. हे ऐकून ती माझ्याशी बोलेल की नाही, सांगता येत नाही.

शेवटच्या भेटीचं मी उद्या बोलणार नाही. ते तिलाही माहीत नाही.

दुपार कलली होती. वैशाली मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. दुसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी होती आणि जालन्याहून पुढची एसटी गाठायची होती. मी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि निघताना म्हणतो तसं म्हणालो, "आक्का, येऊ का मंग?"

"न्हाई," तू म्हणालीस.

आपल्याकडं निघणारा माणूस जाऊ का म्हणत नाही, येऊ का म्हणतो. त्याला न्हाई म्हटलं तर काय समजायचं? जाऊ नको, का परत येऊ नको, का नेहमीसारखी चेष्टा? तू हसत नव्हतीस. माझ्याकडं बघतही नव्हतीस, खिडकीबाहेर बघत होतीस. दुसरी कुठली वेळ असती तर मी उलटा प्रश्न घालून बघितला असता, मग तिसरा. त्या दिवशी मी काहीच विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि तुझ्या शेजारी बसलो.